विंडोजवर डेटाबेस मॉड्यूल बिल्ड करताना लायब्ररीचा पाथ कुठे लिहावा?

धागाकर्ता:
पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसशी जोडणारे पायथनचे सी मॉड्यूल विंडोजवर स्वतः बिल्ड करायचे, तर लायब्ररीचा पाथ सिस्टिमच्या 'लिब' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कायमचा टाकून द्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला माझा विरोध आहे. एका कामात 'अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल' (वापरलेल्या फंक्शनचा कोड सापडत नाही) या त्रुटीमागे माझे दोन दिवस गेले. फाइल सापडत होती, तिचे नावही बरोबर होते. परंतु 'लिब'मध्ये पूर्वी कधीतरी घातलेला ३२ बिटचा फोल्डर लिंकरला (कोड आणि लायब्ररी एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामला) आधी सापडत होता आणि बिल्ड मात्र ६४ बिटचे होते. लायब्ररी आणि बिल्ड यांचे बिट जुळत नसल्याचा एलएनके ४२७२ हा इशारा त्रुटीच्या वरच छापलेला होता. पाथ प्रकल्पाच्या 'सेटअप.सीएफजी' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये असता, तर लिंकरने तो 'लिब'च्या आधी पाहिला असता.

प्रतिसाद १:
असहमत आहे. फाइलमध्ये लिहिलेला पाथ त्या एकाच संगणकापुरता खरा असतो. पोस्टग्रेस कोणी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवतो, कोणी दुसऱ्या ड्राइव्हवर. शिवाय आवृत्ती बदलली की फोल्डरचे नावही बदलते. अशी फाइल रिपॉझिटरीत (सर्वांच्या सामायिक कोडसाठ्यात) गेली की सहकाऱ्याचे बिल्ड एलएनके ११८१ (फाइल उघडता येत नाही) ही त्रुटी देऊन थांबते. व्हेरिएबलच वापरावे, मात्र बॅच फाइलमधून (कमांडची यादी असलेल्या फाइलमधून), त्या कमांड विंडोपुरतेच.

प्रतिसाद २:
दोघेही फक्त लिंकिंगबद्दल बोलत आहात. 'लिबपीक्यू.लिब' ही पोस्टग्रेसची इम्पोर्ट लायब्ररी आहे, म्हणजे कोड कोणत्या डीएलएलमध्ये (प्रोग्राम चालताना लोड होणाऱ्या लायब्ररीत) आहे एवढेच ती लिंकरला सांगते. प्रत्यक्ष कोड 'लिबपीक्यू.डीएलएल'मध्ये असतो, आणि तिला पुन्हा ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या डीएलएल लागतात. म्हणूनच बिल्ड निर्विघ्न पार पडूनही इम्पोर्ट करताना 'डीएलएल लोड फेल्ड' येते. २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ पासून मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल शोधताना 'पाथ' व्हेरिएबल पाहिलेच जात नाही. या डीएलएल मॉड्यूलशेजारी ठेवाव्यात, नाहीतर इम्पोर्टच्या आधी 'ओएस.ॲड_डीएलएल_डिरेक्टरी' वापरावे. माझ्या मते खरा घोळ इथेच होतो, कारण जुन्या मार्गदर्शिका अजूनही 'पाथ'कडेच बोट दाखवतात.

धागाकर्ता:
बॅच फाइलचा मुद्दा मला पटला. पाथ तिला बाहेरून द्यावा म्हणजे ती रिपॉझिटरीतही ठेवता येईल. कायमच्या सिस्टिम व्हेरिएबलला असलेला विरोध मात्र मी सोडत नाही. लिंक करण्याआधी 'डम्पबिन' या फाइल तपासणाऱ्या कमांडला 'हेडर्स' हा पर्याय देऊन '.लिब' फाइल तपासावी: ८६६४ दिसले तर ती ६४ बिटची, १४सी दिसले तर ३२ बिटची.