बॉबी ब्लँड ऐकते का कोणी? हा माणूस निस्ता उभा राहून एवढं कसं गाते

पराटीवाला_आर्णी

राजेहो, बॉबी 'ब्लू' ब्लँड नावाचा अमेरिकेतला गायक कोणी ऐकते का इथं? मी भजनी मंडळात गातो अन् लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रातबी गातो, इंग्रजी गाणे फारसे ऐकलेले नाईत. मागच्या हप्त्यात रातच्या लाइनीवर हरभऱ्याले पाणी देऊन रायलो होतो, यूट्यूब आपल्या मनानं एकामागं एक गाणं लावत होतं अन् त्याच्यात 'आय पिटी द फूल' लागलं. सुरुवातीले असा दमानं गाते का वाटते बाजूले बसून बोलून रायला, अन् मंग आवाज असा फाडते का मी फावडं टेकवून तसाच उभा, पाणी दुसऱ्या सरीत गेलं तरी भान नाई.

मंग व्हिडिओ पायले तं हा ना गिटार वाजवत ना पेटी, ना नाचत. कोट घालून माइक धरून उभा, मागं ट्रम्पेट सॅक्सोफोनवाले. आमच्या ऑर्केस्ट्रात मालक म्हणते का हातपाय हालव, पब्लिकमधी उतर, नाई तं लोकं जेवाले निघून जातात. मंग याच्यासाठी लोकं कसे बसून रायत होते? हा माणूस कोण, कुठचा, शिकला कुठं, अन् लाइव्ह ऐकायचं तं कोणतं ऐकू? इंग्रजी बोल मले सारे समजत नाईत तरी आतून हालते, काहून ते जरा सांगजा.

जुनी_तबकडी_वर्धा

भाऊ, तू बरोबर माणूस पकडला. सोल ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं ब्लूज गाणं अन् चर्चच्या गाण्याचा ढंग यांचा मेळ, म्हणतात त्या गाण्याचा पाया ज्या चारदोन लोकांनी घातला त्यात हा अगदी पुढं आहे. जन्म १९३०, टेनेसी राज्यात मेम्फिसच्या उत्तरेला खेड्यात, कापसाचाच मुलूख. ब्लँड हे सावत्र बापाकडून आलेलं नाव. तिसरीतच शाळा सुटली अन् पोरगा कापूस वेचायला लागला, पुढं आयुष्यभर लिहिता वाचता आलं नाही. हे लक्षात ठेव, कारण त्याची सगळी गाणी कानावाटे आत गेलेली आहेत, कागदावरून नाही. १९४७ ला आई त्याला घेऊन मेम्फिसला आली. तिथं आधी चर्चमधली भक्तिगीतं, मग बील स्ट्रीटवरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धा, अन् तिथल्याच पोरांच्या कंपूत हा, गिटारवाला बी. बी. किंग, जॉनी एस, रॉस्को गॉर्डन असे सगळे. बी. बी. किंगची गाडी चालवणं, सामान सांभाळणं हेही केलं त्यानं, मग मिलिटरीत गेला, परत आला तेव्हा बाकीचे नावारूपाला आलेले होते.

पहिलं मोठं गाणं 'फार्दर अप द रोड', १९५७, आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, काळ्या लोकांच्या गाण्यांच्या) यादीत एक नंबर. अन् तू ऐकलेलं 'आय पिटी द फूल' १९६१ चं, तेही एक नंबरला गेलं. त्याच वर्षीचा 'टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज' हा अल्बम आधी ऐक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधात गाणं न बदलता.

आता तुझा खरा प्रश्न, उभा राहून कसं जमलं. त्यात अर्धा वाटा जो स्कॉट या माणसाचा आहे. ट्रम्पेट वाजवणारा, बँडचा म्होरक्या अन् सगळं संगीत बसवणारा. ओळ कुठं तोडायची, कुठं थांबायचं हे त्यानं ब्लँडकडून करून घेतलं. ब्रासवाले, म्हणजे ते ट्रम्पेटवाले, कधी वाजतात ते नीट ऐक, गायक गात असताना ते गप्प असतात, त्यानं श्वास घेतला की ते उत्तर देतात. म्हणजे स्टेजवर हालचाल आहेच, फक्त ती आवाजात अन् वाद्यात आहे, पायात नाही. अन् पुढच्या रांगेत बाया असायच्या, त्या ओरडायच्या, त्यांना नाच नको होता, तो त्यांच्याशी बोलतो असं वाटणं पुरेसं होतं.

खंजेरी_गुरुकुंज

जय गुरुदेव. मी इंग्रजी गाण्याचा जाणकार नाई पण पोट्ट्यानं मोबाइलवर लावून देल्लं म्हून ऐकलं, अन् घशाचं सांगतो कारण तो आपला इषय हाय.

ब्लँड जो घशातून खरखरीत हुंकार काढते, गुळणी करतानी पाणी घशात अडकते ना तसा, तो त्यानं एका धर्मगुरूपासून उचलला असं वाचलं. रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, डेट्रॉइटच्या चर्चमधले, गायिका अरेथा फ्रँकलिनचे वडील. त्यांच्या गरुडावरच्या प्रवचनाची तबकडी होती, ते ऐकून ऐकून यानं बसवलं. त्याच्या आधी हा पातळ उंच आवाजात गात होता, तो गेला तवा आपली वळख लोकाईले पटावी म्हून नवीन काहीतरी पायजे होतं. म्हंजे प्रवचनातली गोष्ट हाय ते. बोलता बोलता सूर लागते, सूर चढते, अन् जिथं शब्द संपतात तिथं निस्ता आवाज निघते. आमच्याइकडं राष्ट्रसंतांच्या भजनात जुने गायक खंजेरी कानाजवळ नेऊन शेवटची ओळ जशी वर फेकत ते ज्यानं ऐकलं त्याले हे नवीन नाई लागत. बोल समजले नाई तरी आतून हालते ते याच्यासाठीच.

पण भाऊ, एक कळकळीनं सांगतो, हे घसा आवळून करू नोको. मी 'लिटल बॉय ब्लू' चार वेळा लावून पायलं, तो हुंकार देतानी मागचा सूर मोकळाच ठेवते अन् लगेच परत मऊ होते. अन् गाण्यात अशी जागा एखाददुसरीच ठेवते. आपले पोट्टे पहिल्या कडव्यापासून ओरडतात, तिसऱ्या भजनाले आवाज बसते. ब्लँड नॅट किंग कोल, पेरी कोमो असे गोड गळ्याचे गायक ऐकत होता म्हंते, मऊ गाणं त्यानं आधी शिकलं, हे ध्यानात घेजो.

वावरातला_वणी

गाण्यावर सारे बोलले, मी पैशावर बोलतो कारण ते वाचून माह्या डोक्यात आग गेली. मिलिटरीतून आल्यावर त्याच्या तबकड्या काढणारी कंपनी ड्यूक रेकॉर्ड्स, तिचा मालक डॉन रोबी यानं नवीन करार पुढं ठेवला, याले वाचता येत नव्हतं, सही केली. प्रत्येक तबकडीमागं अर्धा सेंट. बाकीच्या गायकांले तवा दोन सेंट भेटत होते. म्हंजे चौथाई! अन् कितीतरी गाण्यांवर गीतकार म्हून डेड्रिक मलोन असं नाव दिसते, ते रोबीनंच घेतलेलं नाव, गाणं लिहिलं कोणी अन् नाव लागलं कोणाचं. 'आय पिटी द फूल'वरबी तेच नाव हाय, पाहून घ्या.

कापूस वेचणाऱ्याच्या पोराले कागदावर असं लुटलं, हे आपल्याइकडच्या माणसाले इस्कटून सांगाची गरज नाई. म्हूनच तो वर्षभर गाडीत राहे, आज या गावी उद्या त्या गावी, काळ्या लोकांचे क्लब अन् थेटरं, चिटलिन सर्किट म्हणत त्याले. तबकडीतून पैसा येत नसला तं रोज गावंच लागते ना. १९६८ च्या सुमारास बँड मोडला, जो स्कॉटचीबी साथ सुटली, दारू वाढली, मंग १९७१ मधी दारू सोडली अन् परत उभा रायला. हे कमी लोकं सांगतात पण मले त्याच्या गाण्याइतकंच मोठं वाटते.

ऑर्गन_पुसद

लाइव्ह विचारलं ना, तर बी. बी. किंगसोबतचा १९७४ चा डबल अल्बम. जुने दोस्त स्टेजवर गप्पा मारत गातात, एक गिटारीनं विचारते एक गळ्यानं सांगते, तू ऑर्केस्ट्रात गातोस तर दोन गायकांनी एकमेकाला जागा कशी द्यायची ते यातून शिकशील. १९७६ ला दुसराही केला दोघांनी.

जुनी_तबकडी_वर्धा

पुसदवाले भाऊ, तो मलाही आवडतो, पण नवीन माणसाला पहिला तोच देऊ नका. गप्पा फार आहेत त्यात, गाणी सैल वाजतात, ब्लँड स्वतः किती बारीक काम करतो ते झाकलं जातं. आधी 'स्टॉर्मी मंडे' ऐकावं, १९६२ चं, गिटार वेन बेनेटची. गाणं मूळ टी-बोन वॉकरचं १९४७ चं, पण पुढं ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडनं १९७१ च्या त्यांच्या लाइव्ह अल्बममध्ये जे वाजवलं ते ब्लँडच्या चालीवरून. अन् दमदार ताल पाहिजे असंल तर 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट', त्यात ढोल वाजवणारा जॅबो स्टार्क्स नंतर गायक जेम्स ब्राउनकडं गेला.

ऑर्गन_पुसद

सर, सैल आहे म्हणूनच तर देतो. स्टुडिओत सगळं बसवलेलं असते, पब्लिकसमोर माणूस कसा वागते ते त्याला पाहायचं आहे. ब्लँड त्यात कुठंच घाई करत नाही, लोक हसतात, ओरडतात, तरी तो ओळ आपल्या वेळेवरच टाकते. हे स्टुडिओच्या रेकॉर्डात दिसत नाही.

पराटीवाला_आर्णी

सर्वायचे आभार, काका तुमचं घशाचं तं लिहूनच ठेवलं. 'लव्ह लाइट' आताच ऐकलं. मधात सारे वाद्य बंद होतात अन् निस्ता ढोल अन् हा, तिथं अंगावर काटा आला. वणीवाले भाऊ, कराराचं मायले सांगितलं, ते म्हणे का अंगठा देल्ला का माणूस गेलाच.

अजून एक, १९७४ चं 'एंट नो लव्ह इन द हार्ट ऑफ द सिटी' ऐकलं, ते मले आधी कुठंतरी ऐकल्यासारखं लागते, ते कसं काय?

जुनी_तबकडी_वर्धा

रॅप गाणाऱ्या जे-झीच्या २००१ च्या गाण्यात ते घेतलेलं आहे, कान्ये वेस्टनं बसवलेलं, तिथूनच तुझ्या कानावर आलं असेल. ब्लँड तेव्हा सत्तरी ओलांडलेला अन् गातच होता. १९८५ पासून मिसिसिपीच्या मॅलॅको कंपनीत होता, त्या काळातलं 'मेंबर्स ओन्ली' ऐक, आवाज जाड झालाय पण बोलणं तेच. २०१३ च्या जूनमध्ये गेला, ८३ वर्षांचा होऊन.

अन् तुमच्या मालकाला एक गाणं उभं राहून गाऊ द्या म्हणा, जेवण सुरू व्हायच्या आधी. ढोलकीवाल्याला सांग की मी गातो तेव्हा हात हलका ठेव.