1913-14 चा अमेरिकी फुटबॉल चषक : ‘पहिला राष्ट्रीय’ म्हणावा का?

दोऱ्याचे रीळ (चर्चेचा प्रस्ताव)

अमेरिकेत ज्या खेळाला सॉकर म्हणतात त्याला मी इथे आपल्या सवयीप्रमाणे फुटबॉलच म्हणणार आहे. त्या देशातल्या फुटबॉलचा इतिहास सांगताना 1913-14 च्या हंगामात झालेल्या ‘नॅशनल चॅलेंज कप’ला देशाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा म्हणण्याचा प्रघात आहे. हीच स्पर्धा आज यू. एस. ओपन कप या नावाने खेळली जाते. माझे म्हणणे असे की, हे बिरुद त्या हंगामाला घाईने बहाल झाले आणि त्यामुळे ‘अमेरिकन कप’ ही त्याआधी जवळजवळ तीस वर्षांपूर्वी सुरू झालेली स्पर्धा तळटिपेत ढकलली गेली.

अमेरिकन कपची सुरुवात 1884-85 मध्ये झाली. अमेरिकन फुटबॉल असोसिएशन ही संघटना 1884 मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात स्थापन झाली होती. पहिला चषक जिंकला तो क्लार्क ओ. एन. टी. या संघाने, अंतिम सामन्यात न्यूयॉर्कच्या संघाला 2-1 असे हरवून. हा संघ क्लार्क कंपनीच्या दोऱ्याच्या गिरणीचा होता आणि ‘ओ. एन. टी.’ ही अक्षरे त्या कंपनीच्या रिळांवर छापलेली असत; त्यांचा अर्थ ‘आमचा नवा दोरा’. शिवणयंत्रात न तुटणारा सहापदरी दोरा ही कंपनीची ख्याती होती. जाहिरातीची अक्षरे संघाचे नाव म्हणून मिरवणारे हे गिरणीवाले पहिली तिन्ही वर्षे चषक घरी घेऊन गेले. पुढे 1888 पासून 1892 पर्यंत तो मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावाबाहेर गेलाच नाही. रोव्हर्स, ऑलिंपिक्स आणि ईस्ट एंड्स या तिथल्याच तीन संघांनी तो आपसात फिरवला.

आता 1913-14 कडे पाहू. चाळीस संघांनी नावे नोंदवली, हे मान्य. परंतु 16 मे 1914 रोजी ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे झालेल्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते ब्रुकलिन फील्ड क्लब आणि ब्रुकलिन सेल्टिक, म्हणजे एकाच शहराच्या एकाच भागातले शेजारी, आणि हा घरचा सामना खेळायला त्यांना अडीचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागला. पुढची पाच वर्षेही पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद-कारखान्याचा संघ बेथलहेम स्टील आणि फॉल रिव्हर रोव्हर्स या पूर्वेकडच्या दोन संघांखेरीज कोणालाही चषक मिळाला नाही. ज्या स्पर्धेचा जेता सहा वर्षे एकाच किनारपट्टीतून येतो, ती ‘राष्ट्रीय’ कशी, आणि जुनी स्पर्धा ‘प्रादेशिक’ कशी? नकाशा तर दोघींचा एकच दिसतो.

शिट्टी (प्रतिसाद)

आपल्या नावातच रीळ असल्यामुळे आपण सुतावरून स्वर्ग गाठणार याची कल्पना होती, तरीही इतका उंच जाल असे वाटले नव्हते. जेता कोठला, यावरून स्पर्धेची व्याप्ती मोजायची झाली, तर जगातली निम्मी राष्ट्रीय अजिंक्यपदे राजधानीच्या शहराची खासगी मालमत्ता ठरतील. स्पर्धा राष्ट्रीय आहे की नाही, हे प्रवेश कोण देतो आणि कोणाला देतो यावरून ठरते.

1913 पूर्वीची परिस्थिती आठवून पाहा. अमेरिकन फुटबॉल असोसिएशन ही इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनशी संलग्न होती आणि तिचा पसारा मुख्यतः न्यू जर्सी व आसपासच्या गिरणी-वस्त्यांपुरता होता. 1911 मध्ये अमेरिकन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली. 1912 च्या स्टॉकहोम परिषदेत फिफासमोर मान्यतेचा प्रश्न आला, तेव्हा नव्या संघटनेची बाजू टॉमस काहिल यांनी स्वतः तिथे जाऊन मांडली. जुन्या संघटनेची बाजू मात्र इंग्लंडच्या त्या फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस फ्रेडरिक वॉल यांनी मांडली. ज्या संस्थेचे वकीलपत्र परक्या देशाचा चिटणीस घेतो, तिच्या चषकाला राष्ट्रीय म्हणावे, असा आग्रह मला तरी धरवणार नाही.

फिफाने दोघांनाही सांगितले की आधी घरात एकमत करा. त्यातून 5 एप्रिल 1913 रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टर हाउसमध्ये युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि डॉ. गुस्ताव मॅनिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये फिफाचे तात्पुरते सदस्यत्व मिळाले आणि त्याच शरद ऋतूत स्पर्धा सुरू झाली. चषकसुद्धा हाताशी होता: स्कॉटलंडचे व्हिस्की-उत्पादक टॉमस ड्यूअर यांनी तो 1912 मध्येच देऊन ठेवला होता. त्या हंगामात प्रथमच एका मान्यताप्राप्त महासंघाने व्यावसायिक आणि हौशी अशा दोन्ही संघांना एकाच स्पर्धेत खेळवले. आपण ज्या अंतिम सामन्याला ‘घरचा’ म्हणून हिणवता, त्यात फील्ड क्लब व्यावसायिक होता आणि सेल्टिक हौशी. दोघे एकाच भागातले असले तरी एरवी त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या.

गिरणगावकर (प्रतिसाद)

मी दोघांपैकी कोणाच्याच बाजूने नाही. जे दोघांनीही सोडून दिले, ते मी सांगते. 1914 चा तो अंतिम सामना ज्या मैदानावर झाला, त्याचे नाव कोट्स फील्ड आणि ते जे. अँड पी. कोट्स या दोऱ्याच्या कंपनीचे. क्लार्क आणि कोट्स ही दोन्ही घराणी स्कॉटलंडमधल्या पेझली या गावची, आधी कट्टर स्पर्धक आणि 1896 मध्ये एक झालेली. थोडक्यात, ‘प्रादेशिक’ म्हणवल्या जाणाऱ्या चषकाचा पहिला मानकरी क्लार्कच्या रिळांवरून आला आणि ‘राष्ट्रीय’ चषकाचा पहिला अंतिम सामना कोट्सच्या आवारात झाला. आपल्याकडे शिंपी ज्या मदुरा कोट्सचा दोरा वापरतात, ती याच कोट्सची शाखा. माझ्या आईच्या भरतकामाच्या डब्यात ‘अँकर’च्या लडी नंबरवार लावलेल्या असत, तोही याच कोट्सचा माल होता. एवढ्या जवळच्या वस्तूचा फुटबॉलशी संबंध असेल, हे मला फार उशिरा कळले.

मुद्दा असा की, परिषदा, ठराव आणि सदस्यत्वे पदाधिकाऱ्यांच्या पातळीवर बदलत होती. खेळणारा माणूस मात्र तोच होता. लँकेशायर किंवा स्कॉटलंड सोडून आलेला कामगार आठवडाभर यंत्रावर उभा राहून शनिवारी दुपारी मैदानात उतरत असे. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स ही नावे आपणही कूपरेजवर संघांची नावे म्हणूनच ऐकली आहेत. त्यामुळे 1913 मध्ये काहीतरी नव्याने जन्माला आले, असे म्हणणे मला कार्यालयीन कागद वाचल्यासारखे वाटते.

डावी बगल (प्रतिसाद)

ड्युरँड स्पर्धा 1888 मध्ये सिमल्यात आणि रोव्हर्स 1891 मध्ये मुंबईत सुरू झाली, तेव्हा दोन्हीकडे ब्रिटिश पलटणींचेच राज्य होते. रोव्हर्स चषक भारतीय संघाच्या हाती लागायला 1937 साल उजाडावे लागले (बंगलोर मुस्लिम्स), तर ड्युरँड 1940 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकला. तरीही आपण आपल्या फुटबॉलची गोष्ट 1888 पासूनच सांगतो, 1937 पासून नाही. मग अमेरिकनांनी 1884 सोडून 1913 पासून का सांगावी? दोऱ्याचे रीळ यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, त्यांचा युक्तिवाद मात्र उलटा आहे. पहिल्या जेत्यांच्या पत्त्यावर बोट ठेवले की अमेरिकन कपही त्याच बोटाखाली येतो.

दोऱ्याचे रीळ

डावी बगल यांनी माझ्याच बाजूने येऊन माझाच पाय ओढला आहे, आणि तो ओढायलाच हवा होता. जेत्याचा पत्ता हा निकष मी मागे घेतो.

परंतु शिट्टी यांनी मान्यतेला जे वजन दिले आहे, ते मला अजूनही जास्त वाटते. महासंघ स्थापन झाला म्हणून जुना चषक बंद झाला नाही. त्याच 1913-14 च्या हंगामात अमेरिकन कपही खेळला गेला आणि तो बेथलहेम स्टीलने टॅकनी संघाला हरवून जिंकला. एका हंगामात दोन चषक, दोन वेगळे जेते. त्या वसंतात देशातला सर्वोत्तम संघ कोणता, असे पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या पोलाद-कामगाराला विचारले असते, तर त्याने ब्रुकलिनचे नाव घेतले असते असे मला वाटत नाही. बरे, माणसेही तीच. ब्रुकलिन फील्ड क्लबसोबत नवा चषक जिंकणारा रॉबर्ट मिलर पुढच्याच हंगामात बेथलहेमला गेला आणि 1915 मध्ये तिथेही तोच चषक जिंकला. (हाच मिलर 1930 च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेच्या संघाचा प्रशिक्षक होता आणि तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.) अमेरिकन कप 1924 पर्यंत टिकला. ज्याला आपण ‘आधीचा’ म्हणून बाजूला सारतो, तो दहा वर्षांहून अधिक काळ नव्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

शिट्टी

टिकला खरा, पण 1899 ते 1905 या काळात तो बंदच होता, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. आणि तो कोणाच्या हातात होता, तेही पाहा. 1894 च्या ऑक्टोबरमध्ये बेसबॉलच्या सहा क्लबमालकांनी व्यावसायिक फुटबॉल लीग काढली, तेव्हा अमेरिकन फुटबॉल असोसिएशनने तिच्याशी करार करणाऱ्या खेळाडूंना आपल्या स्पर्धेतून बाहेर काढण्याचे धोरण स्वीकारले. ती लीग तीन आठवडेही चालली नाही, हा भाग वेगळा. परंतु आपल्या वर्तुळाबाहेर कोणी खेळ उभा केला तर दार लावून घ्यायचे, ही त्या संघटनेची वृत्ती त्यातून दिसते.

याउलट 1913 मध्ये उघडलेल्या दाराचे काय झाले? 1920 मध्ये सेंट लुईसचा बेन मिलर हा संघ मॅसॅच्युसेट्सच्या फोर रिव्हरला 2-1 असे हरवून चषक घेऊन गेला, आणि त्या संघात एक खेळाडू वगळता सगळे अमेरिकेतच जन्मलेले होते. मिसिसिपीच्या काठावर वाढलेली ती पोरे न्यू जर्सीच्या चषकासाठी कधी खेळली असती का? सहा वर्षे पूर्वेने जिंकणे हा दोष नसून बीज रुजायला लागलेला वेळ आहे. 2020 आणि 2021 ही महामारीची दोन वर्षे सोडली तर ही स्पर्धा एकदाही खंडित झालेली नाही.

गिरणगावकर यांना एवढेच सांगेन की, कार्यालयीन कागदांची आपण थट्टा केलीत, पण कामगाराला खेळाडू म्हणून देशाबाहेर कोणाच्या नावाने उतरायचे, हे त्या कागदांनीच ठरवले.

गिरणगावकर

देशाबाहेरच्या संघांशी सामने कागदांच्या आधीपासून होत होते. 28 नोव्हेंबर 1885 रोजी, म्हणजे महासंघाच्या 27 वर्षे आधी, क्लार्कच्याच मैदानावर याच ‘प्रादेशिक’ संघटनेचा संघ कॅनडाच्या संघाविरुद्ध खेळला आणि 1-0 असा हरला. पुढच्या वर्षी 3-2 असा जिंकला. त्या सामन्यांना अधिकृत आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेला नाही, हे मला ठाऊक आहे. आपण तेच लिहिणार होतात.

एक मात्र मान्य करते. कोट्स फील्डवरच्या त्या सामन्याला सुमारे दहा हजार लोक आले होते आणि खेळणारे दोन्ही संघ परगावचे होते. पॉटकेटच्या माणसाला ब्रुकलिनच्या कोणत्या संघाचे काय पडले असणार? फील्ड क्लबचा पहिला गोल ॲडमसनने केला, सेल्टिकच्या कॅम्पियनने बरोबरी साधली आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना फोर्डने डोक्याने मारलेल्या चेंडूवर निकाल लागला. आपल्या गावाचा संघ नसताना एवढी गर्दी जमते, तेव्हा ती चषकासाठी जमलेली असते. हे जुन्या स्पर्धेत क्वचितच घडले असावे.

दोऱ्याचे रीळ

गर्दीचा हा मुद्दा माझ्याकडे नव्हता, आणि मला तो शिट्टी यांच्या सगळ्या ठरावांपेक्षा जड वाटतो. 27 ची मोजणी मात्र तपासून घ्यावी. एप्रिल 1913 हा नोव्हेंबर 1885 नंतर सत्तावीस वर्षे आणि सव्वाचार महिन्यांनी आला, तेव्हा ती बरोबरच आहे, मीच बोटे मोजून पाहिली.

जेत्यांचा जो तक्ता मी करतो आहे, त्यात 1914 समोर ‘पहिला राष्ट्रीय’ ऐवजी ‘पहिला खुला’ असे लिहीन. ब्रुकलिनचे व्यावसायिक आणि हौशी एकाच मैदानात उतरले, याला तो शब्द जास्त नेमका बसतो. तक्त्याची पहिली ओळ मात्र 1885 चीच राहील, आणि तिच्यात संघाचे नाव रिळावर होते तसेच, तिन्ही अक्षरांसह लिहिले जाईल.