मदत हवी आहे: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह २८.९ का दाखवतो? काकाजींना कसं समजावू?

नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. पेनड्राइव्ह, मेमरी कार्डही ठेवते. परवा भजनी मंडळातले एक काकाजी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन गेले. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं भरून स्पीकरला लावायची होती. काल नातवानं लॅपटॉपला लावून पाहिला तर २८.९ जीबी. काकाजी तसेच दुकानात आले. चार माणसं फॉर्मसाठी बसली होती, त्यांच्यासमोर म्हणाले, "काहून वं पोरी, बत्तीसचे पैसे घेतले अन् अठ्ठावीस देल्ले? तीन जीबीचा काटा मारला का?"

फार लागलं मनाला. आयुष्यभर कापूस विकताना त्यांनी काट्यावरची नजर हलू दिली नाही, त्यामुळे त्यांचा संशय मला समजतो. पण पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं होतं. एमएससीआयटीला १०२४ केबी म्हणजे १ एमबी हे पाठ केलेलं, तेच सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "हजाराच्या जागी १०२४ असन तं जास्त याले पायजे, कमी कसं आलं?" इथे मी अडकले. कुणी नीट समजावून देईल का? पैसे परत द्यायला माझी ना नाही, पण गावात मापात पाप करणारी म्हणून नाव नको.

प्रतिसाद

ताई, काकाजींनी बरोबर गाठीवर बोट ठेवलं आहे. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, म्हणून आमच्याच मापात सांगतो.

रुईची खंडी ३५६ किलोची. १०० क्विंटल रुई खंडीत मांडली तर २८ खंडी आणि थोडी वर भरते. आकडा १०० वरून २८ वर आला, पण रुई तेवढीच आहे. माप मोठं घेतलं की आकडा लहान होतो. पेनड्राइव्हचं हेच आहे, फक्त इथे दोन्ही मापांना लोक 'जीबी' म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पाकिटावरचा जीबी १०० कोटी बाइटचा. म्हणजे ३२ जीबी हे ३,२०० कोटी बाइट. विंडोज मोजतं ते माप १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइटचं. भागाकार करून बघा, २९.८ येतं.

१०२४ आलं कुठून? मेमरीच्या चिपमधली जागा शोधायला पत्त्याच्या तारा असतात आणि प्रत्येक तारेची स्थिती दोनच, चालू किंवा बंद. दहा तारांनी दोनचा दहावा घात, म्हणजे १०२४ जागा सांगता येतात. म्हणून रॅम खरोखर याच मापात बनते. ४ जीबीची रॅम मोठ्या मापानं पूर्ण ४ भरते. हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह विकणाऱ्यांनी मात्र हजाराचं माप धरलं. १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मोठ्या मापाला किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. पण विंडोज गिबीबाइट मोजून पुढे जीबीच लिहितं. माझ्या मते चूक कुणाची म्हणायची तर ती या लिहिण्याची आहे. अ‍ॅपलच्या मॅकवर २००९ पासून हजाराचं माप आहे, तिथे हाच पेनड्राइव्ह ३१ दाखवेल.

फरक वरच्या मापात वाढत जातो: केबीला २.४ टक्के, जीबीला ७.४, टीबीला जवळजवळ १०. म्हणून १ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी दिसते.

धागाकर्ती

खंडीचं उदाहरण काकाजींना लगेच पटेल. पण २९.८ आणि २८.९ मधलं उरलेलं ०.९ कुठे गेलं? तेही विचारतीलच.

प्रतिसाद

त्यातलं बहुतेक पेनड्राइव्हच्या आतच राखीव असतं. फ्लॅश चिपचे काही कप्पे आधीच खराब असतात, काही वापरून झिजतात. त्यांच्या बदली वापरायला कंपनी जागा बाजूला ठेवते. पाकिटावर बारीक अक्षरात 'प्रत्यक्ष वापरायची जागा कमी' असं बहुधा छापलेलं असतं, ते दाखवा. शिवाय ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कपॅसिटीच्या ओळीत आधी बाइट आणि पुढे जीबी, दोन्ही आकडे असतात. तुमच्याकडे ३,१०० कोटींच्या थोडं वर दिसेल.

खरा काटा मारणारे वेगळेच. फार स्वस्तात मिळणारे '२ टीबी'चे पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला खोटाच आकडा सांगतात आणि थोडं भरलं की पुढच्या फायली खराब होतात. तसला माल ठेवू नका.

धागाकर्ती

आज काकाजींना बोलावून बाइटचा आकडा दाखवला, खंडीचा हिशेब कागदावर मांडला. कागद दोनदा वाचून म्हणाले, "मंग दोन मापाले दोन नावं काहून नाई देल्ले?" दिली आहेत म्हटलं, कोणी वापरत नाही. मग नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण १ एमबी धरून, पाच मिनिटांचं एक अशी भजनं मोजून दाखवली. साडेपाच हजारांच्या वर मावतात. पैसे परत घेतले नाहीत.

आता त्यांनी मंडळाच्या १७ जुन्या कॅसेटी आणून दिल्यात, तासाभराच्या एकेक. सगळ्या मिळून १ जीबीच्या आसपास होतील, जागेची चिंता नाही. टेपरेकॉर्डरला हेडफोनची पिन आहे, माझ्या लॅपटॉपला माइकचं भोक वेगळं नाही. कोणती वायर घेऊ?