साईट बंद पडली की आधी एरर लॉग (सर्व्हरने लिहून ठेवलेली चुकांची नोंद) वाचायचा की सरळ बॅकअप टाकायचा?

काणकोणचा होमस्टेवाला
पाळोळ्याजवळ आमच्या घरातल्या पाच खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, बुकिंग बरंचसं आमच्याच साईटवरून येतं, ती वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. ऐन डिसेंबरात एका सकाळी साईट उघडली तर पांढऱ्या पानावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर', बाकी काहीच नाही. आदल्या रात्री चालू होती आणि आम्ही कशाला हातही लावला नव्हता. मग नेटवर जे जे सापडलं ते करत सुटलो, प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, थीम हलवली, सगळ्या फायलींची परमिशन ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, करून टाकली. दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांतली बुकिंगं गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी चावडीवर कंप्युटरचं काम करणारा एक मुलगा आला, त्याने होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधलं एररचं पान, म्हणजे लॉग, उघडलं आणि एक ओळ वाचून दाखवली: एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फायलीत 'पीएचपी व्हॅल्यू' ही कमांड सर्व्हरला कळत नाही. होस्टिंगवाल्यांनी रात्री पीएचपी (साईट ज्या भाषेवर चालते ती) अपाचे या सर्व्हर प्रोग्रॅमच्या मॉड्यूलवरून एफपीएम या वेगळ्या प्रोग्रॅमवर नेलं होतं, ती कमांड मॉड्यूललाच कळायची, आणि आमच्या फायलीत त्याच कमांडने अपलोडची मर्यादा ६४ एमबी करणारी जुनी ओळ पडून होती. ती काढली, साईट चालू.

माझं मत आता पक्कं आहे, लॉग वाचल्याशिवाय एकाही फायलीला हात लावायचा नाही.

म्हापशाचा वेबवाला
भाऊ, तुमचं नुकसान झालं ते वाईटच, पण मत पटलं नाही. सीझनमध्ये गिऱ्हाईक थांबत नाही, त्याला खोलीचा फोटो दिसला नाही की तो पुढच्या साईटवर गेला. होमस्टे, टॅक्सी, मसाल्यांची दुकानं अशी माझी गिऱ्हाईकं आहेत, त्यातलं कोण इंग्रजी लॉग वाचत बसणार? मी सगळ्यांना एकच सांगतो, कालचा बॅकअप परत टाका, साईट उभी करा, कारण शांतपणे नंतर शोधा.

काणकोणचा होमस्टेवाला
दादा, पण माझ्या बाबतीत बॅकअपने काय झालं असतं ते बघा ना. कालच्या बॅकअपमध्ये तीच एचटीअ‍ॅक्सेस, त्यात तीच ओळ, म्हणजे परत तोच ५००. बदल माझ्या फायलीत झालाच नव्हता, सर्व्हरवर झाला होता. वर डेटाबेसही जुना टाकला असता तर मधल्या काळात आलेली बुकिंगं पुसली गेली असती, आणि ते पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे राहिले असते.

मडगावहून
मला वाटतं लॉगपर्यंत जायचीही गरज नव्हती, वर्डप्रेसचा डीबग मोड, म्हणजे चुका दाखवायचं सेटिंग, चालू केला असता तर पानावरच चूक दिसली असती. मी नेहमी तेच करतो.

म्हापशाचा वेबवाला
नाही, इथे डीबग मोडचा उपयोग शून्य. एचटीअ‍ॅक्सेस अपाचे स्वतः वाचतो, तिथेच अडला की पीएचपी सुरूच होत नाही, मग वर्डप्रेस बोलणार कुठून? त्याच कारणाने फोल्डरमधल्या पीएचपीच्या एरर लॉगमध्येही काही सापडत नाही, सर्व्हरचाच लॉग लागतो. आणि तेच तर मी म्हणतोय, कुठला लॉग कुठे असतो हे घरच्या माणसाला कसं कळावं?

डिचोलीची वाचक
मी आमच्या गावच्या नाट्यमंडळाची साईट सांभाळते, जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या जाहिराती, कलाकारांची नावं, सगळं मराठीत. होस्टिंग बदललं तेव्हा डेटाबेस चुकीच्या कॅरेक्टर सेटने (अक्षरं साठवायच्या पद्धतीने) इम्पोर्ट झाला आणि देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. माझ्याही मनात दुरुस्तीच करायचं होतं, टेबलं एकामागून एक बदलत बसले आणि काही जमलं नाही, कारण अक्षरं अगम्य चिन्हांसारखी दिसत असतील तर बऱ्याचदा परत मिळतात, पण डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर गेलेलं असतं. जुन्या सर्व्हरवरची प्रत होती म्हणून वाचलो, ती यूटीएफएट एमबीफोर या देवनागरी नीट साठवणाऱ्या कॅरेक्टर सेटने परत टाकली तेव्हा नावं दिसली. त्यात आता हयात नसलेल्या कलाकारांची नावं होती हो, ती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून मी म्हापशाच्या दादांच्या बाजूने.

काणकोणचा होमस्टेवाला
ताई, तुमचा डेटाच बिघडला होता, तिथे बॅकअपच हवा, मान्य. पण डेटा बिघडलाय की सेटिंग, हे ठरवायला आधी काहीतरी वाचावं लागतंच ना? आणि लॉग स्वतःला कळलाच पाहिजे असंही नाही, ती ओळ कॉपी करून वेळेसकट होस्टिंगच्या सपोर्टला पाठवली तरी पुरते. मी दोन दिवस त्यांना फक्त 'साईट चालत नाही' लिहित होतो, उत्तर यायचं 'कॅशे क्लिअर करा'.

म्हापशाचा वेबवाला
ओळ पाठवायचं पटलं, ते मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगेन. पण क्रम माझा तोच, फक्त डेटाबेस न हलवता आधी फायली परत टाकायच्या, दहा मिनिटांत फरक पडला नाही तर लॉग. आणि भाऊ, ते ७७७ अजून तसंच ठेवलंय का? सर्व्हरवर कुणालाही तुमच्या फायलीत लिहिता येईल, आजच बदला.

काणकोणचा होमस्टेवाला
बदललं, फोल्डर ७५५, फायली ६४४, म्हणजे लिहायची परवानगी फक्त मालकाला, आणि डेटाबेसचा पासवर्डही नवा केला. अपलोडची मर्यादा आता डॉट युजर डॉट आयएनआय या पीएचपीच्या सेटिंगच्या फायलीत लिहिलीय, ती लागू व्हायला पाच मिनिटांपर्यंत लागतात, लगेच दिसलं नाही म्हणून मी परत घाबरलो होतो. बॅकअप आता घरच्या हार्ड डिस्कवरही ठेवतो. पण परत बंद पडली तर मी पहिल्यांदा एररचं पानच उघडणार, त्या दहा मिनिटांतही.