लॉसलेसचे पैसे भरायचे आणि गाणं ब्लूटूथवरून ऐकायचं?

सूरपेटी
सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनंही लॉसलेस, म्हणजे मुद्रणातलं काहीही न गाळता गाणं देणं, सुरू केलं. ॲपल म्युझिकवर ते २०२१पासून आहे. स्पॉटिफायवर त्यासाठी महागडा प्लॅन घेणारे आणि घरी आल्यावर फोन ब्लूटूथनंच स्पीकरला जोडणारे बरेच दिसतात. हे पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवर सगळीकडे चालणारं कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची पद्धत, एसबीसी; ते साधारण ३२८ला थांबतं. एलडॅक हे दुसरं कोडेक ९९०पर्यंत जातं, पण आयफोनमध्ये ते नाहीच आणि अँड्रॉइडवरही सिग्नल कमजोर झाला की ३३०वर उतरतं. नेटवरून आलेली फाइल फोन उलगडतो, पुन्हा दाबतो आणि मग स्पीकरला देतो. लॉसलेसला ब्लूटूथ पुरत नाही, हे स्पॉटिफायनं स्वतःच सांगितलंय.

वाय-फायवर कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट केलं की फोन फक्त 'हे लाव' एवढं सांगतो, गाणं स्पीकर स्वतः नेटवरून घेतो. स्पीकर घेताना वॉट विचारण्याआधी वाय-फाय आहे का ते विचारा.

मध्यसप्तक
आकडे बरोबर, निष्कर्ष पटला नाही. मेयर आणि मोरान यांचा २००७चा प्रयोग ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. हाय-रेझ, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण वाजवताना मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला, तर नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. त्यांत ध्वनिमुद्रण करणारे व्यावसायिकही होते.

खरी गडबड खोलीत असते. स्पीकर टीव्हीशेजारी कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, खाली उघडी फरशी, समोर काचेची खिडकी. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात, डग्गा घुमत राहतो आणि बंदिशीचे शब्द त्यात बुडतात. स्पीकर हातभर पुढे ओढा, खिडकीला जाड पडदा लावा. हा फरक घरातल्या कुणालाही कळेल.

जवारी
@मध्यसप्तक, तो प्रयोग सीडी विरुद्ध हाय-रेझ असा होता. इथला प्रश्न सीडी विरुद्ध एसबीसी आहे. हाय-रेझचा हट्ट मीही धरत नाही. पण नुसता तानपुरा लावून ऐका. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झणझण, नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडलेला ग, आपोआप उमटतो. ब्लूटूथवर तो मला पुसट लागतो, वाय-फायवर स्वच्छ. स्पीकर तोच, जागाही तीच.

जुनी_तबकडी
आमच्याकडे जुनं नाट्यसंगीत ऐकलं जातं, ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेलं. तीन-साडेतीन मिनिटांची बाजू, एकाच वाहिनीचा आवाज, वरचे स्वर मुळातच तुटपुंजे. त्यात लॉसलेस काय वाचवणार? त्यापेक्षा ॲपवाल्यांनी मुद्रणाचं साल आणि साथीदारांची नावं द्यावीत. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे शोधूनही सापडत नाही. त्या वादकांवर हा अन्याय आहे, आणि माझ्या लेखी तो कुठल्याही किलोबिटपेक्षा मोठा आहे.

जवारी
नावांबद्दल शंभर टक्के सहमत. तबकडीबद्दल मात्र उलट आहे. खरखरीला ठरावीक आकार नसतो, म्हणून कोडेकला ती दाबणं जड जातं. बिट तिच्यावरच खर्च होतात आणि गळ्याच्या वाट्याला कमी उरतात. जुन्या मुद्रणाला जास्त जपायला हवं.

सूरपेटी
@मध्यसप्तक, खोलीचा मुद्दा मान्य, पण दर्जा बाजूला ठेवला तरी वाय-फायच बरं. ब्लूटूथवर असताना फोन आला की विलंबित ख्याल ऐन समेच्या तोंडावर थांबतो. कुणाचा संदेश आला तर त्याची टिंग स्पीकरमधून वाजते. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलं की आवाज तुटायला लागतो. घरातल्या मोठ्या माणसांना गाणं लावून देऊन आपण बाहेर पडावं म्हटलं, तर ब्लूटूथवर ते जमतच नाही.

मध्यसप्तक
हे पटलं, वाय-फायचा स्पीकर घ्यावा. महागड्या प्लॅनचं मात्र अजूनही पटत नाही. तुमच्याच हिशेबानं सेकंदाला ३२० किलोबिटचं, लॉसलेस नसलेलं गाणं वाय-फायवरून स्पीकरपर्यंत एकदाच दाबलेलं पोचतं, दुसऱ्यांदा दाबलं जात नाही. तासाला दीडशे एमबीच्या आत काम होतं, लॉसलेसला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. मग वरचे पैसे प्लॅनला कशाला? तेवढेच साठवून थोडा मोठा स्पीकर घ्या. आणि @जवारी, तुमची ती तानपुऱ्याची तुलना वाय-फायवरच ३२० विरुद्ध लॉसलेस अशी करून बघा. कुठलं कुठलं आहे, ते दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा.