कार्बन फायबरमधून करंट जातो ना, मग वरून तांब्याची जाळी कशाला?

उडती_शंका: मंडळी, शंका बाळबोध वाटेल पण विचारतोच. बोइंग 787 मध्ये वजनाने साधारण निम्मं कंपोझिट (म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले कार्बनसारखे धागे) आहे म्हणे आणि आकाशातली वीज पडली तर म्हणून त्याच्या बाहेरच्या थरात धातूची जाळी घालतात. आता कार्बन फायबर करंट वाहतं हे मी स्वतः मल्टीमीटर लावून पाहिलंय, मग वजन वाचवायला कंपोझिट घ्यायचं आणि परत वर धातू चढवायचा हा काय प्रकार आहे?

रेझिनराव: मल्टीमीटर किती करंट सोडतो आणि वीज किती! टेस्टला 200 किलोअँपिअरचा पीक धरतात, म्हणजे दोन लाख अँपिअर. धाग्याच्या दिशेनेसुद्धा कार्बन कंपोझिट अॅल्युमिनियमपेक्षा हजारेक पटीने वाईट वाहक आहे, आणि आरपार जायचं म्हटलं तर मध्ये रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारं प्लास्टिक, त्यामुळे तिथे तर बोंबच. मग तो करंट जिथे शिरतो तिथे प्रचंड तापतं, रेझिन जळून त्याचा गॅस होतो आणि तो आतून थर फाडतो. वरून छोटासा काळा डाग दिसतो आणि आत बरंच मोठं डिलॅमिनेशन (थर सुटणं), म्हणून नंतर अल्ट्रासॉनिकने तपासावं लागतं. जाळी असली की करंट वरच्यावर पसरून जातो, जाळी जळते ती जळू दे. वजन म्हणाल तर हलकी तांब्याची जाळी चौरस मीटरला 73 ग्रॅमपासून मिळते.

घिरट्या: फायबरग्लासचे तर याहून हाल, ते वाहतच नाही. 1999 मध्ये इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ एका एएसके 21 ग्लायडरवर वीज पडली, पंखातला कंट्रोलचा अॅल्युमिनियमचा पोकळ रॉड चक्क चेपला गेला आणि ग्लायडर हवेतच फुटलं. आतले दोघंही पॅराशूटने उतरले, वाचले!

उडती_शंका: बापरे. मग तांबंच का, अॅल्युमिनियमची जाळी आणखी हलकी नाही का होणार?

रेझिनराव: होते की, वापरतातही. पण अॅल्युमिनियम कार्बनला चिकटून ओलावा लागला की गंजतं, मग मध्ये काचेच्या कापडाचा थर घाला, म्हणजे वाचवलेलं वजन परत आलंच. तांब्याला तो त्रास फारसा नाही.

हँगरवाला: जाळीवर सगळे बोलतात पण रंगाचं कोणी काढत नाही. विमान पुढे जात असतं त्यामुळे विजेचं टोक पृष्ठभागावरून मागे सरकत जातं, रंगाचा थर जाड असेल तर ते एकाच जागी अडकून बसतं आणि तिथेच भोक पाडतं. म्हणून जुन्या रंगावर नवा मारत बसायचं नाही, आधी घासून काढायचा, पण घासताना जाळीच खरवडली तर कल्याण! आणि दुरुस्तीचा पॅच लावताना नवी जाळी जुनीवर ओव्हरलॅप करून बसवायची, मधला रेझिस्टन्स मिलिओहम मीटरवर (अगदी बारीक रेझिस्टन्स मोजणाऱ्या) बघायचा, साध्या मल्टीमीटरचं ते काम नाही.

उडती_शंका: ते शेवटचं मला उद्देशून होतं ते कळलं 😄