काळ्या गाडीला मायक्रोफायबर टॉवेल कोणता घ्यावा?

मुलुंडकर:
गाडी काळी, पार्किंग उघड्यावर, बाजूला टॉवरचं काम. रोज बॉनेटवर सिमेंटची भुकटी. गाडी धुणारा मुलगा अख्ख्या सोसायटीच्या गाड्या एकाच फडक्याने पुसतो, म्हणून आता मीच पुसणार. कुर्ल्याला सीएसटी रोडवर ३०० ते १२०० जीएसएम दाखवतात. काय घेऊ?

दादरचा_सारथी:
जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. डॅशबोर्डला ३०० पुरे. पाणी टिपायला ८०० बास. १२०० पिळताना मनगट जातं आणि पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. कडेची शिलाई चाचपून बघा, लेबल काढून टाका, ओरखडे त्यानेही पडतात. आणि ती भुकटी कोरडी पुसू नका हो! आधी भरपूर पाणी मारा.

मुलुंडकर:
आणि धुवायचे कसे? आमच्याकडे मशीनवर आईचं राज्य आहे.

दादरचा_सारथी:
मग बादलीतच धुवा. कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण. सुती कपड्यांबरोबर नको, त्यांचे तंतू चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर तर अजिबात नको, टॉवेल पाणीच ओढत नाही मग. चाकांचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा.

ठाणेकाका:
इस्त्रीवाल्याच्या गाठोड्यात जाऊ देऊ नका. पॉलिएस्टर आहे, वितळेल.